चढावरची तिसरी पट्टी

अ‍ॅम्ब्युलन्समधून जाणाऱ्या माणसाला रस्ता दिसत नाही. त्याला छत दिसतं, सलाइनचा हूक दिसतो आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकाचं तोंड दिसतं. रस्ता कसा आहे ते त्याला त्या तोंडावरूनच कळतं. नातेवाइकाने पुढच्या काचेतून बघून डोळे गच्च मिटले, की पेशंटने समजावं, आपला ड्रायव्हर ओव्हरटेक करतोय.

मी तो ड्रायव्हर. परळच्या हॉस्पिटलांबाहेर गाड्यांची रांग उभी असते, त्यातली एक गाडी माझ्या हातात आहे. गाडी मालकाची, हात माझे. राहायला लालबागला, आम्ही चार ड्रायव्हर मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत. गाव माझं वाशीमकडे, म्हणजे इथून जायचं तर सणालाच, आणि सणालाच आम्हाला सुट्टी नसते. शाळा सातवीत सुटली. वाचायची सवय राहिली ती रस्त्यावरच्या बोर्डांमुळे. ज्यांनी मला 'तुझ्या कामाबद्दल लिही' म्हणून सांगितलं, त्यांना वाटलं असणार, हा सायरन, धावपळ, रक्त असं काहीतरी लिहील. मला लिहायचंय ते रस्त्याच्या एका पट्टीबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

लोकांना वाटतं, अ‍ॅम्ब्युलन्स माणसाला हॉस्पिटलात आणते. आमच्या रांगेतल्या गाड्यांचं निम्मं काम उलटं असतं. परळला सगळ्या महाराष्ट्रातून माणसं येतात. बरी झालेली एसटीने, रेल्वेने जातात. ज्यांना बसवत नाही ती आमच्याकडे येतात. कोणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाचा मणका. आणि काहींना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की आता घरी न्या. या शेवटच्यांचे नातेवाईक लांबून ओळखू येतात. बाकीचे आधी भाव करतात. हे आधी विचारतात, "किती वाजता पोचू?"

मुंबईत मला काळजी नसते. खरंच सांगतो, या शहराला मी हात जोडतो. हिंदमातापासून शीवपर्यंत सायरन लावून निघालं की पुढे भिंत उभी असावी तशा गाड्या असतात, आणि तरी ती भिंत सरकते. टॅक्सीवाला दुभाजकावर चाक चढवतो, बेस्टचा ड्रायव्हर बस तिरकी करतो, बाइकवाला पुढे जाऊन दुसऱ्यांना हटवतो, "ए चल ना बाजूला, दिसत नाही काय?" म्हणून. पुढे एक्स्प्रेसवेलाही जागा भरपूर. खरा प्रश्न सुरू होतो तो रस्ता लहान झाल्यावर. एक पट्टी जायची, एक यायची, मधे पिवळी रेघ. पुढे कोणीतरी हळू चाललेला असतोच. त्याला ओलांडायचं म्हणजे समोरून येणाऱ्याच्या पट्टीत शिरायचं आणि तो अंगावर यायच्या आत परत यायचं.

त्यात अ‍ॅम्ब्युलन्स ही रस्त्यावरची सगळ्यात वाईट ओव्हरटेक करणारी गाडी. मागे माणूस आडवा असतो. एकदम पिकअप घेता येत नाही, करकचून ब्रेक मारता येत नाही, गाडी झोकात डावी-उजवी करता येत नाही. मला हे काम शिकवलं ते लालबागच्या सावंतकाकांनी. मूळचे मालवणचे, आमच्या रांगेतले सगळ्यात जुने. पहिल्याच फेरीला मी जरा जोरात गाडी काढली तर म्हणाले, "झिला, गाडी तू चालयतंस, पण धक्को तो खाता." तो, म्हणजे मागचा पेशंट. तेव्हापासून माझं हेच चालतं. मी निघताना स्ट्रेचरचं लॉक बघतो, चहाला थांबलो की परत बघतो, सिलिंडरचा काटा बघतो, टायरवर लाथ मारून बघतो. रांगेतले मला चिडवतात, "हा पेशंटपेक्षा जास्त घाबरतो." खरं आहे ते.

आणि म्हणून मला ती पट्टी आवडते.

बोर्डावर तिला पासिंग लेन म्हणतात, आम्ही तिसरी पट्टी म्हणतो. बहुतेक चढावर असते. दोन पट्ट्यांचा रस्ता चढाला लागला की आपल्या बाजूला डावीकडे आणखी एक पट्टी सुरू होते. लोड असलेला ट्रक, ट्रॅक्टर, टँकर, जो कोणी धापा टाकत चढतोय, त्याने त्या डावीकडच्या पट्टीत जायचं. मागचे उजवीकडच्या पट्टीतून सरळ पुढे जातात. समोरच्याच्या पट्टीत कोणी शिरत नाही. चढ संपला की थोड्या अंतराने पट्टी संपते आणि रस्ता पुन्हा होता तसा.

एवढंच. ना पूल, ना बोगदा. पण ज्याने कोणी ही युक्ती काढली, त्याला एकदा भेटून चहा पाजावा असं मला वाटतं. तिचा फायदा ती सुरू व्हायच्या आधीच सुरू होतो. "पुढे पासिंग लेन" असा बोर्ड दिसला की मागे चुळबुळ करणारे शांत होतात. आता घुसू की मग घुसू, हे डोक्यातलं थांबतं. दोन किलोमीटर तर दोन किलोमीटर, थांबायला माणूस तयार असतो, फक्त पुढे काहीतरी आहे हे त्याला कळलं पाहिजे. आणि पट्टी संपल्यावरही बराच वेळ फायदा राहतो. केसांतून फणी फिरावी तशा गाड्या सुटसुटीत झालेल्या असतात, भरधाव पुढे, संथ मागे. पुन्हा गुंता व्हायला बरंच अंतर जावं लागतं.

एकदा दादरचे एक निवृत्त साहेब होते. पाय मोडलेला, प्लास्टर, चिपळूणच्या पुढे गावच्या घरी सोडायचे होते. झोपल्या झोपल्या मोबाइलवर नकाशा लावून मला मागून हुकूम. "ड्रायव्हर, पुढे लाल दाखवतंय." "ड्रायव्हर, आत्ता आपण ओव्हरटेक केलंत ते नियमात बसत नाही." त्यांच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, तुमचा पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे हे कळलं आम्हा सगळ्यांना." मग एका चढावर तिसरी पट्टी लागली. पुढचे दोन ट्रक डावीकडे झाले, आम्ही न हलता-डुलता पुढे आलो. मागे सामसूम. थोड्या वेळाने आवाज आला, "हे मात्र बरं केलंय हो कोणीतरी." अख्ख्या प्रवासात त्यांनी कौतुक केलं ते तेवढंच, आणि ते माझं नव्हतं.

दोष आहेत. जिथे पट्टी संपते तिथे शेवटच्या एकाला घुसायचंच असतं. रंगवलेले बाण पुसून जातात, मग नव्या माणसाला कळत नाही, आपण कुठल्या पट्टीत. आणि रिकामी जागा आपल्या लोकांना बघवत नाही. वडापावची गाडी लागते, पंक्चरवाला येतो, ट्रकवाले ताडपत्री बांधायला तिथेच उभे राहतात. गावाजवळ असेल तर सुगीच्या दिवसांत त्या पट्टीचं खळं होतं. डांबर तापलेलं, सपाट, स्वच्छ. ज्वारी, तूर, सोयाबीन, सगळं तिथे वाळत पडतं, कडेने दगड मांडून. सरकारने रस्ता रुंद केला तो आपलं धान्य वाळावं म्हणून, अशी गावाची प्रामाणिक समजूत असते.

आता आप्पांचं सांगतो.

आप्पा सोलापूरकडचे. दिवाळी तोंडावर होती. छातीचा आजार, श्वास पुरत नव्हता, परळला बरेच दिवस काढून झाले होते. न्यायला त्यांचा मुलगा दत्ता आणि सून सुनीता. मी गाडी लावली तेव्हा दत्ता मला औषधाच्या दुकानाच्या आडोशाला घेऊन गेला. मान खाजवत म्हणाला, "भाऊ, एक विनंती होती. सायरन लावू नका. आप्पांना आम्ही सांगितलंय, बरं वाटतंय म्हणून दिवाळीला घरी सोडतायत. सायरन ऐकला की त्यांना शंका येईल."

ही विनंती आम्हाला नवी नाही. घरी नेताना बरेच जण सायरन नको म्हणतात. आमच्यात ते पाळतात. मी मान हलवली. पण सायरन काढला की अ‍ॅम्ब्युलन्सची नुसती एक पांढरी गाडी उरते. तिला कोण वाट देणार?

ऑक्सिजनचं मी दोनदा मोजून घेतलं. एक मोठा सिलिंडर, एक राखीव. घरी दत्ताच्या मित्राने ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणून ठेवलं होतं, विजेवर चालणारं. म्हणजे सिलिंडर घरापर्यंत पुरला की झालं. सकाळी लवकर निघालो. घाटात एक कंटेनर आडवा पडला होता. तिथे आम्ही इतके अडकलो की मोठा सिलिंडर अर्धा तिथेच गेला. पुढे राखीव लावला तेव्हा माझ्या हिशेबात जेमतेम बसत होतं. मी दत्ताला तेवढंच सांगितलं, "आता वाटेत कुठे थांबायला नको."

पुणं मागे पडलं तसे आप्पा बोलायला लागले. ड्रायव्हरच्या मागे सरकती काच असते, ती त्यांनी सुनीताला उघडायला लावली.

"पाव्हणं, गाव कुठलं?"

"वाशीमकडचा, आप्पा."

"आन् ऱ्हायला ममईला? लई लांब आला की."

"पोट आणतं."

"आईबाप?"

"आई आहे."

"मग फोन करत जा," ते म्हणाले, आणि दम लागला म्हणून गप्प झाले. सुनीता म्हणाली, "आप्पा, बोलू नका ना." ते म्हणाले, "घरी चाललोय बरा होऊन. बोलाय काय झालं?" आरशात दत्ता मान खाजवताना दिसला.

हायवे सोडून दुपदरी रस्त्याला लागलो. तिथे पहिल्यांदा तिसरी पट्टी लागली तेव्हा पुढे उसाची ट्रॉली होती. कारखाने नुकतेच सुरू झाले होते. ट्रॉली डावीकडे झाली, मी आरामात पुढे आलो. मागून आवाज आला, "ऊस वलांडला न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास येतुया की. आन् ट्रॅक्टरचा आवाज. जल्मभर तेच चालवलंय."

आप्पा उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर होते. रस्त्यावर मी ज्यांच्या मागे दातओठ खात असतो, ते. मी असा माणूस कधी मागे झोपवून नेला नव्हता. मला जरा शरमल्यासारखं झालं, कारण थोड्या वेळापूर्वीच मी एका ट्रॉलीवाल्याला हळू आवाजात काहीतरी म्हटलं होतं.

"तुला ठावं हाय का," आप्पा म्हणाले, "पुढं चालणाऱ्याला काय वाटतं? मागनं हॉर्न, मागनं शिव्या. जाऊ कुठं? डाव्या अंगाला खाली उतरलं की ट्रॉली उलटती. मागचा समजतो, ह्यो मुद्दाम करतुया." दम घेतला. "एक जण तर पुढं जाऊन गाडी आडवी लावून मारायला आल्ता. म्या म्हटलं, मार बाबा. पण मारून झाल्यावर सांग, मी बाजूला जाऊ कुठं?"

"मग?"

"मग काय, त्यो बी बघत ऱ्हायला. जागाच न्हवती." सुनीता हसली असावी, कारण आप्पा तिला म्हणाले, "हसती काय? आमच्या गावाच्या चढाव ती पट्टी केली ना, त्या हंगामात पयल्यांदा असं झालं, मी डावीकडं गेलो आन् मागं कुणी वरडंना. लोकं जायाची आपली भुर्र. एका गाडीवाल्यानं तर हात केला मला."

"हो, हात केला," सुनीता म्हणाली. "भाऊ, हा हात आम्ही घरात दरवर्षी ऐकतो."

"मग? जल्मात एकानं केला. सांगू नको व्हय?"

मी इतकी वर्षं तिसऱ्या पट्टीचं कौतुक मागे असलेल्याच्या बाजूने करत होतो. ती पुढच्यासाठीही केलेली आहे, हे मला त्या रस्त्यावर एका आडव्या माणसाने सांगितलं.

तो रस्ता सोडून आम्ही आणखी आत वळलो. आता तिथून आप्पांचं गाव फार लांब नव्हतं. तालुक्याचं गाव गेलं तेव्हा मी काटा पाहिला, ठीक होता. पण पुढे धूळ लागली. रस्त्याचं काम चाललं होतं, काचा लावूनही आत यायची. आप्पांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना, ओठ काळसर दिसायला लागले. दत्ताने घाबरून ऑक्सिजन वाढवला. वाढवायलाच हवा होता, त्याचं काही चुकलं नाही. पण त्याने काटा भराभर खाली यायला लागला. मी आरशातून तो काटा बघायचो आणि समोर रस्ता बघायचो. उलटं तालुक्याला जावं तर तीच धूळ पुन्हा. पुढे घर आणि मशीन. मी हिशेब केला, मधे कुठे अडकलो नाही तर पोचतो.

आणि बोर्ड आला. पुढे पासिंग लेन. आप्पांचा चढ.

मी म्हटलं, सुटलो.

चढाला लागलो तर पुढे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, उसाने इतक्या भरलेल्या की दोन्ही बाजूंनी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, रस्त्यावर घासत होते. डावीकडे तिसरी पट्टी सुरू झाली, मी वाट बघतोय, हा आता जाईल, आता जाईल. तो जाईना. मी जरा डावीकडून वाकून पाहिलं. तिसऱ्या पट्टीवर सोयाबीन. जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत पिवळंधमक पसरलेलं, कडेला दगड, मधे दोन-तीन बायका झाडण्या घेऊन. बिचारा ट्रॅक्टरवाला दुसऱ्याचं पीक चाकाखाली यायला नको म्हणून आपल्या पट्टीतून चालला होता, माणसाच्या चालीने.

मी हॉर्न दिला. ट्रॅक्टरवर टेप लावलेला, मोठमोठ्याने. त्याला काही ऐकू जाण्याची शक्यता नव्हती. उजवीकडे दुहेरी पिवळी रेघ, आणि वर चढाचं टोक. टोकापलीकडचं काही दिसत नाही. माझा पाय एकदा पिकअपवर गेला. तेवढ्यात टोकावरून एसटी खाली आली आणि आमच्या शेजारून वाऱ्यासारखी गेली. मी पाय काढून घेतला.

मागून आप्पांचा आवाज, तुटक तुटक. "का थांबला?"

"थांबलो नाही आप्पा. ट्रॉली आहे पुढे."

"आपला चढ लागला न्हवं?"

"हो."

"मग जाईल की त्यो डावीकडं."

"डावीकडे सोयाबीन घातलंय."

आप्पांना हसू आलं, त्याचा खोकला झाला. "घालत्यात. दर साली. म्या बी घातलंय." मग दम घेऊन म्हणाले, "सायरन लाव."

दत्ता घाईने म्हणाला, "नको नको. आप्पा, सायरन कशाला? सायरन सीरियस पेशंटला लावतात. तुम्ही आता बरे आहात."

"दत्ता," आप्पा म्हणाले, "ल्हानपणापासनं तू खोटं बोलाय लागला की मान खाजवतूस. परळात दाक्तरला भेटून आलास तवा मान लाल झालती."

गाडी पहिल्या गिअरमध्ये घरघरत होती.

"मला तवाच कळलं," आप्पा म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हणून मी बी बरं वाटतंय म्हणलो. आता ऱ्हाऊ दे. पुढचा माणूस वाईट न्हाई. त्याला ठावंच न्हाई मागं कोन हाय. सांग त्याला."

मी काचेतून मागे पाहिलं. दत्ताने तोंड फिरवलं होतं. सुनीताने आप्पांचा हात धरला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लावा, भाऊ."

मी बटण दाबलं.

त्या उघड्या माळावर सायरन केवढा मोठा वाटला! ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं. मिशाळ, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस. त्याचा चेहरा एकदम पडला. त्याने टेप बंद केला, डावीकडे सोयाबीन बघितलं, उजवीकडे रस्ता बघितला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसला. त्याला कळेना, काय करावं. आप्पा म्हणाले होते तेच, जाऊ कुठं?

तेवढ्यात बायकांमधली एक पुढे आली. वयस्कर, कासोटा घातलेली, हातात झाडणी. तिने पायाने कडेचे दगड उडवले, दोन उचलून फेकले आणि ट्रॅक्टरवाल्यावर ओरडली, "घाल वर! बघतोस काय? घाल!"

"मावशी, तुमचं सोयाबीन..."

"आरं घाल म्हणते ना! मळून निघंल!"

त्याने ट्रॅक्टर वळवला. मागून एक ट्रॉली, मग दुसरी, सोयाबीनवर चढल्या. शेंगा फुटल्याचा आवाज सायरनमधूनही ऐकू आला, तव्यावर फुटाणे फुटावेत तसा. माझ्यासमोर पट्टी मोकळी झाली. मी गाडी काढली, धक्का न देता, सावंतकाकांनी शिकवली तशी, आणि चढाच्या टोकावर आलो.

"बंद कर आता," मागून आप्पा म्हणाले. "पुढं पट्टी सपतीया. पुढचा दचकंल."

मी सायरन बंद केला.

त्यानंतर मागे जे बोलणं झालं ते मी ऐकायला नको होतं, पण काच उघडीच राहिली होती. आप्पांनी विचारलं, "आता सांग, दाक्तर काय म्हणला." आणि दत्ताने सांगितलं. सगळं. रडत रडत, पण सांगितलं. आप्पा हूं हूं करत होते. मग त्यांनी विहिरीवरच्या मोटारीचं विचारलं, दत्ताच्या धाकट्या बहिणीला दिवाळीला आणायचं ठरवलं, सुनीताला सांगितलं, "करंज्या कर. मला चालत न्हाईत म्हणून घरात गप बसू नका." सकाळपासून त्या तिघांत जेवढं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या शेवटच्या रस्त्यात झालं. मी मात्र काट्याकडे बघत होतो.

गावाच्या वळणावर काटा लाल खुणेला टेकला. घरासमोर माणसं उभीच होती. मशीन ओट्यावर लावून ठेवलं होतं, आणि वीज होती. आम्ही स्ट्रेचर उतरवलं, नळी या सिलिंडरवरून काढून त्या मशीनला लावली. मशीन घुर्र करून सुरू झालं आणि आप्पांच्या ओठांचा रंग हळूहळू परत आला. मग मी रिकाम्या सिलिंडरचा कॉक बंद केला.

सुनीताने चहा दिला. मी निघालो तेव्हा आप्पांनी खुणेने जवळ बोलावलं. त्यांच्या भोवती आता बरीच माणसं बसली होती. ते म्हणाले, "दमानं जा. चढ आता तुला उतार हाय. त्या अंगाला पट्टी न्हाई."

मी दमानं गेलो.

ऊन उतरणीला लागलं होतं. चढाच्या टोकावरून खाली पाहिलं तर ट्रॅक्टर अजून तिथेच, तिसऱ्या पट्टीवर. मला वाटलं, बिघडला. जवळ आलो तर ट्रॅक्टरवाला मफलर कमरेला बांधून, गुडघ्यावर बसून चाकाखालचं सोयाबीन झाडत होता आणि बायका चाळण घेऊन भुसा वेगळा करत होत्या. मी कडेला गाडी घेतली. काच खाली करायच्या आत ती मघाची मावशी रस्ता ओलांडून आली.

"पोचला का तुमचा माणूस?"

"पोचले, मावशी. घरी पोचले."

"मघाधरनं ह्याला सांगतीया, जा बाबा, ऊस वाळतुया, आमचं आम्ही बघतो. जाईना. म्हणतोय, अ‍ॅम्ब्युलन्स माघारी येऊ दे. मी वाटंत आलो, माझ्यामुळं काय झालं आसलं तर?"

ट्रॅक्टरवाला उठून उभा राहिला होता. रस्त्याच्या पलीकडून, जवळ न येता, त्याने विचारलं, "बोलत होते का?"

"बोलत होते," मी म्हटलं. "मी निघालो तेव्हाही बोलत होते."

त्याने मफलर सोडला आणि त्यात तोंड पुसलं. मावशी त्याच्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? आता तरी हल. आमचं निम्मं सोयाबीन अजून तुझ्या चाकाखाली हाय."